सांडशी, आकडा आणि डोहावरची तागडी

माझ्या वडिलांचं सांगलीला लोखंडी सामानाचं दुकान होतं. त्यामुळे हत्यार नाही असं काम जगात नसतं, अशी माझी लहानपणापासूनची पक्की समजूत. दार कुरकुरतंय? बिजागरी बदला. विहिरीत बादली पडली? गळ सोडा. शेजारीण भांडायला आली? तेवढं एक हत्यार दुकानात मिळत नव्हतं. पण तेही वरच्या फळीवर, खिळ्यांच्या डब्यामागं कुठंतरी असणार असं मला वाटायचं. ही समजूत घेऊनच मी लग्न होऊन सासरी आले, आणि सासरच्यांनी ती सहन केली, हा त्यांचा मोठेपणा.

सासर कृष्णाकाठचं, कराडच्या अलीकडचं. चार बिघे ऊस, उरलेली जोंधळ्याची रानं, आणि घरटी एक माणूस पलटणीत. गावाच्या खालच्या अंगाला नदी वळसा घेते तिथं मोठा डोह आहे. वर्षभर त्यात मासे धरायचे ते भोयांनी. पण वैशाखात पाणी उतरलं की एक दिवस आमच्या भावकीचा. त्या दिवशी सगळे पुरुष सामाईक जाळं घेऊन डोहात उतरायचे, बायका टोपल्या घेऊन काठावर बसायच्या, आणि जे निघेल त्याचे सारखे वाटे व्हायचे. ज्याच्या घरचा माणूस जाळ्याला, त्याला वाटा. कुणी जास्त नाही, कुणी कमी नाही.

मी नवी नवरी म्हणून काठावर बसले तेव्हा ह्यांना, म्हणजे माझ्या यजमानांना, पहिल्यांदा नीट बघितलं. लग्नात मुंडावळ्यांतून काय दिसतं कपाळ? हे कमरेएवढ्या पाण्यात उभे होते आणि दोन हातांत दोन मरळ मासे धरून वर करून दाखवत होते. मी लाजून मान खाली घातली. मागाहून कळलं की ते मला नव्हे, माझ्या मागं उभ्या असलेल्या चुलतभावाला दाखवत होते. असो. लाजायचं ते लाजून झालं होतं, परत कुठं घेणार.

त्याहून मला आवडलं ते पुढचं. मासे काठावर आले की वाटे तोलायचे, आणि तोलायची तागडी धरायचा मान आमच्या घरचा. सासरे गेल्यावर तो ह्यांच्याकडं आला होता. सगळी भावकी गोल करून बसायची आणि मधे हे तागडी धरून उभे. जो तागडी धरेल त्यानं आपला वाटा सगळ्यांच्या शेवटी उचलायचा, असा रिवाज. इतकी माणसं एका माणसाच्या हातावर विश्वास ठेवून गप्प बसतात, हे मी दुकानदाराच्या लेकीनं आधी कधी बघितलं नव्हतं. आमच्या दुकानात गिऱ्हाईक काट्याकडं बघताना डोळे बारीक करायचं.

मग हे लढाईवर गेले. आधी कुठंतरी वाळवंटात, मग इटलीत. लढाई संपायच्या थोडं आधी परत आले ते उजव्या हाताची तीन बोटं तिकडं ठेवून. अंगठा राहिला होता आणि त्याच्या शेजारच्या बोटाचं अर्धं पेर. गावातली माणसं म्हणायची, माणूस धड आला, बोटांचं काय घेऊन बसलात. मीही तेच म्हणायचे. आणि खरंच होतं ते. आमच्या गल्लीत दोन घरं अशी होती की तिथं माणूसच आला नव्हता. पण हे काही बोलायचे नाहीत. डाव्या हातानं नांगर धरायला शिकले, डाव्या हातानं जेवायला शिकले, आणि उजवा हात बंडीच्या खिशात. वैशाखात जाळ्याचा दिवस आला तेव्हा हे सकाळीच उठून वरच्या मळ्यात निघून गेले आणि डोहाकडं पाठ करून दिवसभर बांधावर बसले. तागडी त्या वर्षी धाकल्या मामंजींनी, म्हणजे माझ्या चुलत सासऱ्यांनी धरली. ह्यांच्यामागं लढाईच्या दिवसांतही तेच धरत होते.

त्या दिवशी भाकरी घेऊन मी मळ्यात गेले. ह्यांनी भाकरी खाल्ली, पाणी प्यायलं आणि विचारलं, "वाम घावली का रं कुणाला?" मी बाई, आणि मला "रं" म्हणाले. मन कुठं होतं ते कळलंच. मला इतकं वाईट वाटलं की राग आला. माझं असंच होतं, वाईट वाटलं की राग येतो. मी तिथंच बांधावर ठरवलं की पुढच्या वैशाखात हा माणूस डोहात उतरला पाहिजे आणि तागडी ह्यांच्याच हातात आली पाहिजे. अजून एखादं वर्ष असंच गेलं असतं तर मान धाकल्या मामंजींच्या घरी रुळला असता, आणि रुळलेला मान परत येत नाही. आणि हे कायमचे बांधावर बसले असते. त्याची मला जास्त भीती होती.

आता अडचण काय होती ती सांगते. जाळ्यातून मासा काढताना डाव्या हातानं जाळं ताणून धरावं लागतं आणि उजव्यानं मासा. मासा म्हणजे काही भोपळा नव्हे. मरळ बुळबुळीत, वाम त्याच्याहून बुळबुळीत, आणि शिंगाळ्याला काटे. अंगठा आणि अर्ध्या पेरात त्यातलं काहीच राहणार नाही. म्हणजे धरायला हत्यार पाहिजे. हत्यार म्हटल्यावर मी आलेच.

पहिलं हत्यार चुलीपाशीच सापडलं. तापलेली कढई जी उचलते ती सांडशी गार मासा का उचलणार नाही? मी ती पदराखाली घालून ह्यांच्याकडं घेऊन गेले आणि मोठ्या ऐटीत पुढं केली. ह्यांनी सांडशीकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं.

"आन् ही दाबू कशानं?" हे म्हणाले.

सांडशी मिटायला एका बाजूला अंगठा आणि दुसऱ्या बाजूला चार बोटं लागतात, हे रोज दोनदा स्वयंपाक करूनही माझ्या ध्यानात आलं नव्हतं. मी उत्तर शोधत असताना ती हातातून सुटून माझ्या पायावर पडली. माझी ओरड ऐकून सासूबाई बाहेर आल्या. त्यांना आम्ही आत्याबाई म्हणत असू.

"काय झालं गं?"

"काय न्हाई, आत्याबाई. सांडशी पडली."

"मग चुलीची सांडशी घेऊन सोप्यात कशाला हिंडतीस?" त्या म्हणाल्या आणि ह्यांच्याकडं बघून आत गेल्या. त्यांना बहुधा सगळं कळलं होतं. पण मदत मागितल्याशिवाय करायची नाही हा त्यांचा स्वभाव होता.

दुसऱ्या खेपेला मी जाणकाराकडं जायचं ठरवलं. बाजारच्या दिवशी एक शिकलगार यायचा. विळे-कुऱ्हाडींना धार लावून द्यायचा आणि नवं काही पाहिजे तर घडवूनही द्यायचा. वयानं मोठा, मेंदी लावलेली दाढी, सगळा बाजार त्याला चाचा म्हणायचा. मी त्याला सांगितलं, असा असा चिमटा पाहिजे, जो आपणहून मिटेल आणि दाबला की उघडेल. चाचानं सगळं ऐकून घेतलं.

"व्हईल की," तो म्हणाला. "पर बाई, हात कुटं हाय?"

"हात घरी हाय."

"मग हाताला घेऊन या. पाय बगितल्याबिगर जोडा कोन शिवतं का?"

मी घरी येऊन ह्यांना सांगितलं. हे नुसते उठून गोठ्यात गेले. चाचाला हात दाखवायला हे जाणार नव्हते. चाचाला काय, हे कुणालाच दाखवत नव्हते. जेवताना मला दिसायचा तेवढाच. मग मी रागानं दोन दिवस भाजीत तिखट जास्त घातलं. ह्यांनी तेही मुकाट्यानं खाल्लं.

तिसरं हत्यार माहेरचं. मी कोळशावर चालणाऱ्या सर्व्हिस मोटारीनं सांगलीला गेले. लढाईत पेट्रोल मिळत नसे, तेव्हा मोटारीच्या पाठीला कोळशाची भट्टी बांधलेली असायची, आणि चढ आला की उतारूंनी खाली उतरून ढकलायची. तिकीट काढून मोटार ढकलण्याचं सुख आमच्या पिढीनं भोगलेलं आहे. वडिलांनी माझं बोलणं ऐकलं आणि दुकानातल्या पोऱ्याला काही न सांगता स्वतःच शिडी लावून वर चढले. खाली आले ते हमालांचा आकडा घेऊन. हळदीची आणि गुळाची पोती ओढायला हमाल जो वापरतात तो. आडवी लाकडी मूठ आणि तिच्यातून निघालेला अणकुचीदार वाकडा गज. वडिलांनी मूठ काढून टाकली होती आणि तिथं मनगटाला बांधायचा चामडी पट्टा बसवला होता. म्हणजे त्यांनी हे आधीच करून ठेवलं होतं. जावयाला कसं द्यावं म्हणून फळीवर पडून होतं.

"त्याला आवडलं न्हाई तर परत घेऊन ये," ते म्हणाले. "पण आवडलं न्हाई असं मला सांगू नको."

आकडा घेऊन मी परत आले आणि आता परीक्षा घ्यायची ठरवली. वैशाखाला अजून अवकाश होता, पण मरळ मासा पाण्याबाहेरसुद्धा बराच वेळ जगतो. तेव्हा एका भोईणीकडून मी जिवंत मरळ घेतला आणि गुरांच्या पाण्याच्या दगडी डोणीत सोडला. आमची म्हैस पाणी प्यायला आली, तिनं तोंड खाली घातलं, मरळानं शेपटी मारली, आणि म्हैस अशी काही मागं सरली की दावं तुटलं. त्यानंतर तो मासा होता तोवर ती डोणीकडं फिरकली नाही. तिला बादलीनं वेगळं पाणी पाजावं लागे. आत्याबाई कुणालाही ऐकू जाईल असं मोठ्यानं म्हणायच्या, "आमच्या घरात म्हशीला पंगत आन् माशाला डोण."

हे काही डोणीजवळ येईनात. मग मी एक फडकं घेतलं, माझ्या उजव्या हाताची तीन बोटं तळव्याला घट्ट बांधली, चौथं बोट अर्धं दुमडून त्यालाही फेरा दिला, मनगटाला आकडा बांधला आणि मासा धरायला लागले. हे सोप्यात जोंधळे निवडत बसले होते. डाव्या हातानं जोंधळे निवडायला वेळ फार लागतो, आणि त्या दिवशी तर फारच लागत होता.

मासा धरायची अक्कल मला कधीच नव्हती. दहा बोटांनी नव्हती, तर आता कुठली येणार? पहिल्या झटक्याला आकडा डोणीच्या दगडावर आपटला. दुसऱ्याला माझ्याच लुगड्यात अडकला. मी पदर सोडवते तोवर मरळानं माझ्या तोंडावर पाणी उडवलं. सोप्यातून जोंधळ्याचा आवाज थांबला. मी तिकडं बघितलं नाही. तिसऱ्या खेपेला आकडा माशाच्या पोटाला लागला आणि पोट फाटलं.

"आगं, तसं न्हाई," हे म्हणाले. हे डोणीपाशी कधी आले मला कळलं नव्हतं. "पोटाकडनं न्हाई धरायचं. कल्ल्याम्हागनं धरायचं. आन् ह्यो आकडा काय कामाचा? फाटका मासा वाट्यात कोण घील?"

"मग कशानं धरू?"

"कशानंबी धर. पर आधी त्यो हात सोड."

त्यांनी माझ्या हाताचं फडकं सोडायला घेतलं. डाव्या हातानं गाठ सुटेना, तेव्हा खिशातला हात बाहेर काढला आणि अंगठ्यानं गाठ रेटली. बोटं सुटली. ती लाल झाली होती. ह्यांनी ती क्षणभर धरली आणि म्हणाले, "लय येडी हायस तू." मी मेलेला मासा उचलून आत गेले. संध्याकाळी कालवण चांगलं झालं होतं.

जेवताना आत्याबाईंनी आपणहून तोंड उघडलं. "आमी बाया मासा साफ करताना त्यो कशानं धरतो गं? राखंनं न्हाईतर गोणपाटानं. लोखंड कुणी घेतंय का हातात?" म्हणजे त्यांना पहिल्या दिवसापासून माहीत होतं. मी विचारलं, "आत्याबाई, मग आधी का न्हाई सांगितलं?" त्या म्हणाल्या, "तू इचारलं कुटं? तू सांगलीला गेलीस."

मी गुळाच्या जुन्या पोत्याचा दुहेरी तुकडा कापला आणि पिशवीसारखा शिवला; अंगठ्याला वेगळं घर, बाकी सगळी सपाट पिशवी, मनगटाला बंद. जाडाभरडा, खरखरीत, ओला झाला की अजून खरखरीत. दुसरा मरळ आणला. म्हशीचं परत बादलीवर आलं. ह्या खेपेला हे स्वतः डोणीत हात घालून बसले. पिशवी घातलेल्या हातानं माशाला मांडीशी दाबायचं, अंगठा कल्ल्यामागं रेटायचा आणि तसंच उचलायचं. पहिल्यांदा सुटला, दुसऱ्यांदा सुटला, आणि मग हे मरळ छातीशी धरून उभे राहिले. परत पाण्यात सोडला, परत धरला. असं किती वेळ चाललं होतं कोण जाणे. मला एकाएकी गोठ्यात जाऊन शेण गोळा करायची फार घाई झाली. तिथं म्हशीपाशी मी पोटभर रडून घेतलं. चांगलं वाटलं की मला रडू येतं. वाईट वाटल्याचा राग येतो हे वर सांगितलंच आहे.

निम्मं काम झालं. पण निम्मंच.

"जाळ्याला येतो," हे म्हणाले. "तागडी न्हाई धरणार."

मी कारण विचारलं नाही. जाळ्याला पाण्यात हात बुडलेला असतो, वर गोणपाट असतं. तागडी धरायची तर गोणपाट काढावं लागतं, हात वर करावा लागतो, आणि सगळी भावकी त्या हाताकडं बघत बसते. बंडीच्या खिशातून एवढा वर काढायचा हात तो नव्हता.

पण मी दुकानदाराची लेक. हातानं धरायची तागडी नको असेल, तर हातानं न धरायचा काटा आणावा. वडिलांकडं तसा होता. वर कडी, खाली आकडी, मधे पितळी तबकडी आणि तिच्यावर सुई. झाडाला टांगायचा, मासा अडकवायचा, सुई फिरते आणि वजन दाखवते. कुणी धरायला नको, कुणी हात वर करायला नको. ह्यांनी नुसतं शेजारी उभं राहून सुई वाचायची. पलटणीत पौंड शिकून आलेले, आकडे वाचता येत होते. म्हणजे तोलायचा मान ह्यांचा, आणि हात खिशात. मला वाटलं, मी जग जिंकलं.

वैशाखात जाळं लागलं. हे डोहात उतरले. जाळं ओढताना ह्यांच्या बाजूच्या दोघांनी थोडं जास्त ओढलं, आणि ते ह्यांच्या ध्यानात आलं तेव्हा ह्यांनी त्यांना अशी शिवी हासडली की काठावरच्या बायकांनी पदर तोंडाला लावले. मला ती शिवी ऐकून फार बरं वाटलं. हे मासे काढत होते. गोणपाटातून एक वाम निसटली, तिला शिव्या बसल्या. बाकीचे मासे काठावर आले.

मग मी करंजाच्या फांदीला काटा टांगला. भावकी त्याच्याभोवती जमली. धाकले मामंजी पुढं झाले. त्यांनी काट्याला खालून बघितलं, वरून बघितलं, मागून बघितलं.

"आन् दुसरं पारडं?" त्यांनी विचारलं.

"ह्याला दुसरं पारडं नसतं, मामंजी," मी म्हणाले. "ह्यो आकडा सांगतो."

"कुणाला सांगतो?"

ह्यांनी पहिला वाटा अडकवला आणि सुई वाचली. इतके पौंड. एक चुलत दीर म्हणाला, "दादा, तू म्हंतूस म्हंजी खरंच आसंल. पर आमाला दिसत न्हाई रं. तागडीत कसं, ह्या अंगाला माझं, त्या अंगाला त्येचं. दोन्ही डोळ्याम्होरं. हितं माझा मासा हिकडं आन् पलीकडं कोण बसलंय त्या डबड्यात?" सगळे हसले. हेही हसण्यासारखं तोंड करून बाजूला झाले.

तेव्हा मला माझी चूक कळली. आमच्या डोहावर वजनं कधीच नव्हती. शेर नाही, पावशेर नाही. पहिला वाटा एका पारड्यात ठेवायचा आणि बाकीचे सगळे एकेक करून त्याच्याशी तोलायचे. मासे किती भरले हे तिथं कुणालाच जाणून घ्यायचं नव्हतं. शेजाऱ्याला आपल्याएवढेच मिळाले का, एवढंच बघायचं होतं. आणि त्यासाठी शेजाऱ्याचे मासे समोर दिसावे लागतात. इतकी वर्षं काठावर बसून मी ते बघितलं होतं, पण दुकानात वाढल्यामुळं मला वाटायचं, तोलणं म्हणजे आकडा.

काटा उतरवला. धाकल्या मामंजींनी तागडी घेतली आणि तोलायला सुरुवात केली. हे मागं जाऊन करंजाच्या बुंध्याशी उभे राहिले. मी बघत होते, हे डोहाकडं बघत होते.

भावकीत एक म्हातारी चुलती होती, तिला सगळे आक्का म्हणायचे. नवरा कधीच गेला होता, पण जाळ्यातला त्याचा वाटा तिला मिळायचा. एकटीच्या चुलीला तेवढा वाटा म्हणजे पुढचे कितीतरी दिवस सुकवून खायला मासे. तिचा वाटा पारड्यात आला आणि लगेच खाली बसला. धाकल्या मामंजींनी त्यातला एक शिंगाळा काढला. तरी पारडं खालीच. त्यांनी अजून एक काढायला हात घातला, आणि आक्का उठली.

तागडी धरणारा माणूस दांडीची कडी अंगठ्यावर घेतो. मग बाकीची बोटं दांडीच्या वर मोकळी राहतात, आणि एखादी करंगळी दांडीला टेकली तरी पारडं हवं तसं झुकतं. धाकले मामंजी मुद्दाम करत होते असं मी म्हणणार नाही. त्यांचं वय झालं होतं. पण त्यांच्या मुलांचे वाटे कधी जड पडून मासा काढावा लागला नव्हता, हेही खरं.

"ठिव ती खाली," आक्का म्हणाली.

"आक्का, तोलतूय की."

"तू न्हाई तोलत. तुजी करंगळी तोलती." तिनं करंजाकडं हात केला. "त्याला धरू दे."

धाकले मामंजी म्हणाले, "आगं, त्याचा हात..."

"त्या हातासाटनंच म्हंती मी. दांडी माराया लागत्यात ती बोटंच न्हाईत त्याला. त्याच्यापरास खरा हात आनशील कुटनं?"

जी गोष्ट सगळ्या गावानं वर्षभर जपून, आडवळणानं, न बघता टाळली होती ती म्हातारीनं एका शिंगाळ्यासाठी सरळ सगळ्यांपुढं मांडली. माझ्या हातात नुसती टोपली होती म्हणून आक्का वाचली. मी ह्यांच्याकडं बघायला घाबरत होते.

आणि मग मला हसू ऐकू आलं. ह्यांचं हसू. आधी नाकातून, मग पोटातून, झाडाला हात टेकून, डोळे पुसत. पलटणीतून परत आल्यापासून ते मी ऐकलं नव्हतं. आक्काला राग आला. ती म्हणाली, "हसतूस काय मुडद्या, माझं मासं सुकाय लागलं उनात." मग सगळी भावकी हसायला लागली, धाकले मामंजीसुद्धा.

हे पुढं आले. गोणपाट काढून माझ्याकडं फेकलं. हात धोतराला पुसला आणि तागडीची कडी अंगठ्यावर घेतली. उजवा हात खांद्याच्या वर उचलला. एका पारड्यात पहिला वाटा, दुसऱ्यात आक्काचा. सगळे त्या हाताकडं बघत होते. तोलताना हाताकडंच बघायचं असतं. पारडी हलत होती. कुणी घाई केली नाही. पारडी सारखी होऊन थांबेपर्यंत ह्यांनी हात खाली घेतला नाही.